काळी नदीवर कॅनू आणि जंगलात मुक्काम : बेळगाव-खानापूरहून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरला, दसऱ्याचं सोनं लुटून झालं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मित्रमंडळींत उत्तर कन्नडातल्या काळी नदीचा विषय निघतोच. होडी वल्हवत जंगलातून जायचं, रात्री काठावर तंबू टाकायचा, सकाळी धनेशाच्या आवाजानं उठायचं. बेत चांगला आहे, आणि बेळगाव-खानापूरहून दोन-अडीच तासांवर आहे. पण काळी ही धरणांनी बांधलेली नदी आहे आणि तिच्या भोवतीचं जंगल वाघासाठी राखलेलं आहे. धरणाचं वेळापत्रक आणि जंगलाचा कायदा आधी बघायचा, मग आपली सुट्टी. या क्रमानं आखलेली सहल सुखाची होते. उलट्या क्रमानं आखलेली जिवावर बेतू शकते.

अणशी राष्ट्रीय उद्यानातून कॅनूनं सलग जाता येतं का? रोज संध्याकाळी काठावर तंबू टाकत?

नाही. दांडेली अभयारण्य १९५६ सालचं. अणशीचं जंगल १९८७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. दोन्ही मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ पासून त्याचं नाव काळी व्याघ्र प्रकल्प आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही, आणि मनाला येईल तिथे तंबू टाकायचा परवाना पर्यटकाला मिळत नाही. परदेशातल्या काही उद्यानांत नदीकाठच्या ठरलेल्या जागा रात्रीपुरत्या आरक्षित करता येतात. त्यांचे व्हिडिओ पाहून बरेच जण तीच कल्पना घेऊन येतात. आपल्याकडे तशी पद्धत नाही, आणि माझ्या मते या जंगलात नसलेलीच बरी. उन्हाळ्यात गवे, सांबरं, अस्वलं याच काठावर पाण्याला येतात.

दुसरं कारण नदीचंच. काळी जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळते. तेवढ्या अंतरात तिच्यावर सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी आणि कद्रा ही धरणं आहेत. बोम्मनहळ्ळीला अडवलेलं पाणी बोगद्यातून नागझरीच्या वीजघराकडे वळवलेलं आहे. त्यामुळे त्या धरणाखालच्या पात्रात उन्हाळ्यात बघावं तिथे दगडच दिसतात. कायद्यानं हरकत घेतली नसती तरी होडी तिथून पुढे गेली नसती.

मग काय करता येतं?

मुक्काम एका जागी, नदी दिवसा. सुपा धरणाखाली गणेशगुडीपासून दांडेलीच्या बाजूला जो पट्टा आहे तिथे परवानाधारक संस्था राफ्टिंग आणि कयाकिंग चालवतात. बोम्मनहळ्ळीच्या अडलेल्या पाण्यावर संथ वल्हवणं होतं. मुक्कामाला वनखात्याचं कुळगी इथलं निसर्ग शिबिर आहे, तिथे तंबूत राहता येतं. राज्य सरकारच्या जंगल लॉजेसची ठिकाणं दांडेली आणि गणेशगुडीला आहेत. जोयडा तालुक्यात घरगुती मुक्कामही बरेच आहेत. तंबूची हौस भागते, जंगल भोवती असतं आणि कायदाही मोडत नाही.

तीन दिवस हाताशी असतील तर पहिल्या दिवशी फक्त पोचा. दुपारी संथ पाण्यावर तासभर वल्हं हातात घ्या, खांदे कुठे दुखतात ते बघा. दुसरा दिवस पूर्ण नदीला द्या. तिसऱ्या दिवशी पहाटे फणसोलीची जंगल सफारी करा आणि जेवून परत फिरा. दोनच दिवस असतील तर सफारी सोडा, सराव सोडू नका. पहिल्यांदाच वल्हं धरणाऱ्याला थेट खळखळत्या पाण्यात उतरवलं की तो घाबरतो आणि पुन्हा नदीचं नाव काढत नाही.

पाणी कधी असतं? पावसाळ्यात जास्त असणार ना?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो.

गणेशगुडीखालची नदी पावसावर चालत नाही, विजेच्या मागणीवर चालते. सुपा धरण १०१ मीटर उंच आहे. त्याच्या पायथ्याशी कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनचं वीजघर आहे, त्यात ५० मेगावॉटचे दोन संच आहेत. संच सुरू झाले की पात्रात पाणी येतं, बंद झाले की उतरतं. म्हणून भर एप्रिलमध्ये, मलप्रभेत गुडघाभरही पाणी नसताना, काळीवर राफ्टिंग चालू असतं. आणि म्हणूनच हे पाणी फसवं आहे. आकाश निरभ्र असतं, ऊन पडलेलं असतं, कुठे पावसाचा थेंब नाही, आणि तरी नदी चढायला लागते.

ती कशी चढते ते एकदा डोळ्यांनी बघा. पात्रातल्या मोठ्या दगडांवर खालच्या अंगाला एक काळपट, बुळबुळीत पट्टा असतो आणि त्याच्या वर दगड पांढरट, कोरडा. त्या दोहोंमधली रेघ म्हणजे पाणी रोजचं कुठवर चढतं त्याची खूण. तुम्ही बसला आहात तो दगड त्या रेघेच्या खाली असेल तर लगेच उठा. पाणी चढायला लागतं तेव्हा आधी आवाज बदलतो. दगडांतून झुळझुळणारं पाणी एकसारखं घुमायला लागतं. मग काठाची वाळलेली पानं, काटक्या तरंगत यायला लागतात, आणि मघाशी पाय बुडवून बसलेला दगड बघता बघता दिसेनासा होतो. पलीकडे फोटो काढायला गेलेली माणसं तिथेच अडकतात. म्हणून मार्गदर्शकाशिवाय या पट्ट्यात पात्राच्या मधोमध जायचंच नाही, पाणी घोट्याएवढं दिसत असलं तरी.

त्या दिवशी पाणी कधी सुटणार हे संस्थावाल्यांना साधारण ठाऊक असतं. आदल्या संध्याकाळी विचारा आणि सकाळी निघताना पुन्हा विचारा. सुट्टीच्या दिवशी विजेची मागणी कमी असते, वेळ पुढे-मागे होऊ शकते. दुपारी चारचा परतीचा बेत घट्ट धरून बसू नका.

पावसाळ्याचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर नदी सोडून द्या. ऑक्टोबरच्या मध्यापासून मेपर्यंतचा काळ ठीक. त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम: पहाटे धुकं, दिवसा सोसवेल असं ऊन, रात्री जाड पांघरूण लागेल अशी थंडी. जिल्हा प्रशासन अधूनमधून जलक्रीडा थांबवतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी केलेली बरी.

कॅनू, कयाक आणि राफ्ट यांत आपल्यासाठी कोणतं?

कॅनू वरून उघडी असते, वल्ह्याला एकाच टोकाला पातं असतं, दोघं मिळून वल्हवतात, सामान भरपूर मावतं. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसायचं आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. राफ्ट म्हणजे हवा भरलेली मोठी होडी, तिच्यात मार्गदर्शक सुकाणूला असतो. संथ पाण्याला कॅनू किंवा कयाक, खळाळाला राफ्ट, हा साधा हिशेब. इथे भाड्यानं बहुतेक कयाकच मिळतात. उघडी कॅनू हवी असेल तर आधी फोनवर विचारून घ्या.

कॅनूत मागे बसणारा दिशा धरतो, पुढचा वेग देतो. नवरा-बायको किंवा दोघं मित्र पहिल्यांदा बसतात तेव्हा दोघंही दिशा धरायला जातात आणि होडी जागच्या जागी गोल फिरते. वजनदार माणूस मागे बसवा, सामान मधे आणि तळाला ठेवा, आणि होडीच्या कडेला धरून उभं राहायचं नाही. वल्हं दंडाच्या जोरावर ओढू नका. कमरेतून वळा, पातं पूर्ण बुडवा, मग ओढा. नवशिक्या जोडीनं संथ पाण्यावर ताशी तीन-चार किलोमीटर कापले तरी चांगलं. अडलेल्या पाण्यावर दुपारनंतर वारा सुटतो आणि परतीला तोच समोरून येतो, तेव्हा सकाळी लवकर उतरा आणि जेवणाआधी काठाला लागा.

पोहता येत नाही. चालेल का?

संथ पाण्यावर, लाइफ जॅकेट घालून, मार्गदर्शक सोबत असेल तर चालेल. खळाळात नको. विहिरीत पोहायला शिकलेल्यांनीही जॅकेट घालायचंच. वाहत्या पाण्यात दगडावर डोकं आपटलं तर पोहण्याचा काही उपयोग नसतो. जॅकेट घातल्यावर सोबत्याला खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत वर आलं तर सैल आहे, दुसरं मागा. खळाळाच्या पट्ट्यात हेल्मेटही हवंच.

होडी उलटली तर?

पाठीवर व्हा, पाय पुढे, पावलं पाण्याच्या वर. म्हणजे दगड आला तर पायाला लागेल, डोक्याला नाही. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाऊल दगडांच्या फटीत अडकलं की मागचं पाणी माणसाला पुढे दाबतं आणि कमरेएवढ्या पाण्यातही तोंड बुडतं. होडीला धरून राहिलात तर तिच्या वरच्या अंगाला राहा, म्हणजे पाणी जिकडून येतं त्या बाजूला. खालच्या अंगाला गेलात तर होडी आणि दगड यांच्यामध्ये चिरडायची भीती. काठावरून पाण्यात पडलेली झाडं दिसली तर आधीपासूनच लांबून जा. फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस आत अडकतो.

एवढ्या लांब कशाला? खानापुरातून मलप्रभेवरच उतरलं तर?

कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा आपली आहे, तिचा ओढा वाटणारच. असोग्याच्या रामलिंगेश्वर मंदिरापाशी दगडांतून वाहणारं तिचं पाणी बघितलं की होडी आठवते, हे खरं. पण पावसाळ्यात ती अंगावर येते आणि उन्हाळ्यात पात्र उघडं पडतं. मधे उरतात ते ऑक्टोबर-नोव्हेंबरचे काही आठवडे. त्या आठवड्यांतही खरी भीती बंधाऱ्यांची आहे.

वरून येताना होडीतून बंधारा दिसत नाही. समोर पाणी सपाट दिसतं, आणि मग एकदम संपतं. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी पायथ्याशी खाली जातं आणि उलटं फिरून पुन्हा भिंतीकडे येतं. उंची माणसाएवढीही नसते, फेस बघून पोरांना उडी मारावीशी वाटते. त्या फिरत्या पाण्यात सापडलेला माणूस वर येतो, पुन्हा भिंतीकडे ओढला जातो, पुन्हा खाली जातो. जॅकेट असूनही सुटका होत नाही. वाचवायला उतरणारा दुसराही त्यातच सापडतो. शिवाय पात्रात शेतीपंपांचे पाइप आणि वायरी असतात. नदीची माहिती असलेला गावचा माणूस सोबत नसेल, आणि प्रत्येक बंधारा होडी काठावरून उचलून ओलांडायची तयारी नसेल, तर मलप्रभा काठावरूनच बघा.

राकसकोपचं पाणी बेळगाव शहराला पिण्यासाठी जातं. तिथे होडी नको.

भीमगडात, म्हादईवर?

नाही. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. बारापेडे गुहांतली रॉटनची वटवाघळं जगात मोजक्याच ठिकाणी उरली आहेत, त्यांतलं हे एक. म्हादई तिथे अजून लहान आहे, दरीतून उड्या घेत जाते, होडीजोगं पाणी नाही. हेमाडगा भागात राहण्याची सरकारी सोय आहे. चालायला, पाखरं बघायला तिथे अवश्य जा. नदीसाठी गणेशगुडी.

मगरी आहेत म्हणतात. खरं का?

खरं आहे. दांडेली शहराजवळच्या संथ पात्रात मगरींची मोठी वस्ती आहे आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. मांस-मासळीचा कचरा पाण्यात टाकला जातो तिथे त्या सवयीनं येतात. राफ्टिंगचा खळाळता पट्टा त्यांना फारसा मानवत नाही, पण संथ डोहात आणि वाळूच्या काठावर त्या असतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांचा अंडी घालण्याचा काळ, तेव्हा मादी घरट्याजवळ कुणाला येऊ देत नाही.

अंधार पडायच्या वेळी पाण्याच्या कडेला बसून भांडी घासायची नाहीत, मासळी साफ करायची नाही. पोरांना काठावर खेळायला सोडायचं नाही. स्थानिक माणूस जिथे उतरत नाही तिथे आपणही उतरायचं नाही. आणि मगर दिसली की जवळून फोटो काढायला होडी वळवायची नाही.

शेकोटी पेटवता येईल का?

शिबिरानं ठरवून दिलेल्या जागी, त्यांनी हो म्हटलं तरच. जंगलात आग लावणं हा गुन्हा आहे. फेब्रुवारीनंतर पानगळ झालेलं रान एका ठिणगीनं पेटतं, आणि ते विझवायला वनरक्षक आणि गावची माणसं हिरव्या फांद्यांनी आग झोडपत रात्र काढतात. ते ज्यानं एकदा बघितलं त्याला शेकोटीचा आग्रह धरवत नाही. मोठ्यानं गाणी लावणं आणि दारूच्या बाटल्या नेणं हेही नकोच.

जेवणाचं काय करायचं?

मुक्कामी जेवण मिळतं. नदीवरच्या दिवसासाठी मात्र घरून न्या. आपल्याकडची कडक भाकरी याला अगदी योग्य: ज्वारीची, पातळ, पापडासारखी वाळवलेली. चार दिवस टिकते, ओली झाली तरी खाता येते. सोबत शेंगाचटणी, कांदा आणि दह्याची मिरची. गोड हवं तर करदंट न्या, त्यातल्या डिंक-सुक्यामेव्यानं पोटाला आधार राहतो. कुंदा उन्हात टिकत नाही, तो घरी परतल्यावर खा. पाणी माणशी तीन लिटर धरा. नदीचं पाणी न उकळता पिऊ नका.

जोयड्यात कुणबी घरी उतरलात तर कंदमुळांची भाजी आहे का विचारा. काटेकणंग, कोनफळ यांचे कितीतरी प्रकार त्या माणसांनी जपून ठेवले आहेत आणि दरवर्षी तिथे कंदांचा मेळाही भरतो.

गोचीड, जळवा, साप?

जळवा पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस. मीठ किंवा तंबाखूचं पाणी पायाला लावलं की पुरे. गोचिडांकडे मात्र गंभीरपणे बघा. उत्तर कन्नड जिल्ह्यात माकडताप आढळतो, तो गोचिडांतून पसरतो. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला. धोक्याचा काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या सहलीचा. पूर्ण बाह्या, मोज्यांत खोचलेली पँट, उघड्या अंगाला कीटकरोधक मलम, आणि पाचोळ्यावर थेट बसायचं नाही. संध्याकाळी काखा, जांघा, कानामागे तपासून घ्या. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. परतल्यावर आठवडाभरात जोराचा ताप आणि अंगदुखी आली तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आपणहून सांगा.

साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. माणसाला हलू न देता सरकारी दवाखान्यात न्या. गाडी कायम रस्त्याच्या तोंडाशी लावलेली असावी, ती एवढ्यासाठी.

लहान मुलं आणि आजी-आजोबा?

मुलांच्या वयापेक्षा त्यांच्या मापाचं जॅकेट मिळतं का हे बघा. नसेल तर पोर काठावर. आजी-आजोबांना बोम्मनहळ्ळीचं संथ पाणी आणि संध्याकाळचे धनेश पुरेसे आहेत. दांडेलीचं जंगल त्या पाखरांसाठीच नावाजलेलं.

चांगली संस्था कशी ओळखायची?

दर शेवटी विचारा. आधी परवाना दाखवायला सांगा. मग एका राफ्टमध्ये किती माणसं बसवता, सोबत सुरक्षा कयाक असते का, फेकायचा दोर असतो का, उतरण्याआधी किती वेळ शिकवता, हे विचारा. शनिवार-रविवारी गर्दी असते तेव्हा क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढवायचा मोह होतो. तसं दिसलं तर पैसे गेले तरी चालतील, उतरा. सोबतचे हसतील, हसू द्या.

कसं जायचं? भाषेची अडचण येते का?

बेळगाव, खानापूर, लोंढा, रामनगर आणि तिथून गणेशगुडी, हा सरळ रस्ता. दांडेली गाठायची असेल तर अळणावरमार्गेही जाता येतं. रामनगरात चहाला थांबाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या की तिथली बरीच घरं सुपा धरणात गाव गेलेल्यांची आहेत. जुनं सुपा, जे तालुक्याचं ठिकाण होतं, ते त्या पाण्याखाली आहे. आपली राफ्ट ज्या पाण्यावर चालते त्याची किंमत या माणसांनी मोजली आहे. जेवण, वाटाड्या, मुक्काम यांचे पैसे शक्य तितके याच भागात खर्च करा.

जोयड्यात कोकणी, मराठी, कन्नड तिन्ही चालतात. वनखात्याचे फलक आणि अर्ज मुख्यतः कन्नडमध्ये असतात. कन्नड वाचणारा एक जण गटात असू द्या. प्रत्येकाचं आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

फोन लागतो का?

गणेशगुडीनंतर भरवसा नाही. निघण्याआधी घरच्या एका माणसाला कागदावर लिहून द्या: मुक्कामाचं नाव आणि नंबर, गाडीचा नंबर, नदीत कुठे उतरणार, कुठे बाहेर पडणार, आणि किती वाजेपर्यंत फोन करणार. ती वेळ टळून दोन तास झाले तर त्यानं आधी मुक्कामी फोन करायचा, तिथे पत्ता नसेल तर ११२ ला. कुणी जखमी असेल तर रुग्णवाहिकेला १०८. उशीर झाला आणि फोन लागत नसेल तर गटातल्या एकाला गाडीनं रेंजमध्ये पाठवा.